केळीला झाड म्हणणारे आबा

पत्र चोपडा तालुक्यातल्या एका गावातून आलंय. नाव-गाव गाळून आणि जरा आटोपतं करून इथं देते.

लिहिणाऱ्या ताईंचं वय अडतीस. घरी केळीची शेती, सासू-सासरे, यजमान, आठवीतला मुलगा, पाचवीतली मुलगी. मुलाला दोन वर्षांपासून माहितीचे व्हिडिओ बघायचं वेड लागलंय. कृष्णविवर, डायनासोर, पानिपत, पिरॅमिड, माणसाचा मेंदू, काहीही. हसतखेळत सांगणारे, चित्रं हलवून दाखवणारे, बहुतेक हिंदी, काही इंग्रजी. गेम खेळत नाही, नाचगाण्याचे रील बघत नाही, म्हणून सुरुवातीला ताईंना बरंच वाटलं. यंदा मात्र पहिल्या सत्रात गणिताचे मार्क निम्म्याच्या खाली आले. शाळेचं पुस्तक ‘बोअर’ आहे, सर तासभर शिकवतात ते मोबाइलवर पाच मिनिटांत कळतं, असं तो म्हणतो. रात्री साडेअकरापर्यंत पांघरुणात उजेड असतो.

दिवाळीत भडका उडाला. जळगावचे पाहुणे आले होते. आबा, म्हणजे सासरे, त्यांना बाग दाखवत होते. ‘‘हे झाड बघा, काय रास पडेल याची!’’ पोरगा मध्येच बोलला, ‘‘आबा, केळीचं झाड नसतंच. ते गवतासारखं असतं. सायंटिफिकली तुम्ही चुकीचं बोलताय.’’ पाहुणे हसले. चाळीस वर्षं केळी लावलेले आबा तेव्हा काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून नातवाशी कामापुरतंच बोलतात. यजमानांचं म्हणणं, मोबाइल काढून घ्या, सुट्टीत शेतात जुंपा, डोकं आपोआप ठिकाणावर येईल. ताईंना ते पटत नाही, आणि का पटत नाही तेही सांगता येत नाही. ‘मी बारावी आर्ट्स. तो बघतो त्यात खरं किती, मला काय कळणार? अडवलं तर त्याचं ज्ञान बुडेल, नाही अडवलं तर पोरगा हातचा जाईल,’ असं त्या लिहितात. पत्राच्या शेवटी कंसात एक ओळ आहे : ‘(रात्री सगळे झोपले की मीपण बघते. परवा मोहेंजोदडोचे लोक मणी कसे करायचे ते बघितलं. फार आवडलं. घरी कुणाला माहीत नाही.)’

ताई,

तुमच्या मुलाचं बोलणं बरोबर होतं. आबांचंही काही चुकलं नव्हतं.

आपण ज्याला केळीचं खोड म्हणतो त्यात लाकूड नसतं. पानांचे तळ एकावर एक घट्ट गुंडाळले जाऊन तो खांब उभा राहतो. खरं खोड जमिनीखाली, म्हणजे कंद. लाकूड नाही म्हणून वनस्पतिशास्त्र तिला झाड म्हणत नाही, एवढाच त्या वाक्याचा जीव. पण आबांनी चाळीस वर्षांत किती खोडं आडवी केली असतील! घड उतरवला की विळ्याचा एक घाव, आणि आत पांढरे, जाळीदार, पाणी गाळणारे पापुद्रे. वाळलेल्या सोपटानं त्यांनी भाज्यांच्या जुड्या बांधल्या असतील. लाकूड असतं तर एका घावात आडवं झालं असतं का, हे त्यांना कुणी सांगायची गरज नाही. मुनवे, म्हणजे बुडाशी फुटलेली पिल्लं, काढून लावले की तीच केळी पुन्हा येते, बी लागत नाही, हेही त्यांच्या हातांना ठाऊक आहे. ‘क्लोन’, म्हणजे हुबेहूब नक्कल, हा शब्द तेवढा ठाऊक नाही.

आता पोराला एक विचारा. कडाक्याच्या थंडीत निसवायला, म्हणजे घड बाहेर टाकायला, आलेल्या केळीचा घड गळ्यातच का अडकतो? त्याला बहुधा येणार नाही. आबांना असं होतं हे पक्कं माहीत आहे, कुठल्या महिन्यात लावलेल्या बागेत होतं तेही माहीत आहे. थंडीत वाढ मंदावते आणि घडाला पानांच्या त्या घट्ट गुंडाळीतून बाहेर यायचा जोर राहत नाही, हे ‘का’ मात्र दोघांनी मिळून शोधावं लागेल. मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली) आणि कांदेबाग (पावसाळा सरताना लावलेली) यांच्या निसवणीच्या वेळा वहीत लिहून काढल्या तर आठवीतल्या मुलाचा चांगला प्रकल्प होतो. आणि त्यातली निम्मी माहिती फक्त आबांकडे आहे.

म्हणून येत्या रविवारी दोघांना बागेत धाडा. घड काढलेलं एक खोड आबांनी कापायचं, पोरानं पापुद्रे सोडवून मोजायचे. आधी माफी मागायला लावू नका. तेरा वर्षांच्या पोराची माफी ओठांच्या आतून येत नाही, आणि आबांना ती ऐकायची हौसही नसेल. हात चिकट झाले की बोलणं आपसूक सुरू होतं. केळीच्या चिकाचे डाग शर्टावरून निघत नाहीत, जुना शर्ट घालायला सांगा.

पत्रातल्या ‘ज्ञान बुडेल’ या शब्दांपाशी मी जरा अडखळले.

तुमच्याकडे खापरावरचे मांडे होत असतील. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवतात आणि पालथ्या खापरावर टाकतात. लग्न होऊन आलात तेव्हा सासूबाईंना करताना किती वेळा बघितलं असेल! बघताना सोपं वाटलं असेल. पहिला मांडा तुमच्या हातावर किती टिकला? व्हिडिओ बघितल्यावर पोराला वाटतं ‘कळलं’, ते हे बघण्यातलं सोपेपण आहे. तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच तसं वाटतं.

यावर ऑस्ट्रेलियात एकानं नीट अभ्यास केला आहे. डेरेक मुलर त्याचं नाव, सिडनी विद्यापीठात त्यानं २००८ मध्ये पीएच.डी. केली. त्यानं विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्रातले व्हिडिओ दाखवले. एका प्रकारात सगळं स्वच्छ, सरळ, सुटसुटीत समजावलेलं. मुलं म्हणाली, छान होता, सोपा होता. परीक्षा घेतली तर गुण जवळजवळ जिथल्या तिथं, उलट चुकीच्या उत्तराबद्दलची खात्री वाढलेली. दुसऱ्या प्रकारात एक जण आधी चुकीची समजूत बोलून दाखवतो, दुसरा त्याला खोदून विचारतो, मग चूक उलगडते. हा व्हिडिओ मुलांना गोंधळाचा वाटला, डोक्याला ताण पडला म्हणाली. शिकली मात्र यातच जास्त. हाच मुलर पुढं स्वतः विज्ञानाचे व्हिडिओ करू लागला आणि जगभर गाजला, म्हणजे माध्यमावर राग असलेला माणूस तो नव्हे.

माझंही सांगते. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. एका परदेशी माहितीपटात बघितलं होतं की मोरीतलं पाणी आपल्याकडे एका दिशेनं भोवरा करून जातं आणि विषुववृत्तापलीकडे उलट्या दिशेनं, पृथ्वी फिरते म्हणून. दाखवलं इतकं झकास होतं की मी ते वर्गात कितीतरी वर्षं सांगत राहिले. एकदा मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. ‘‘बाई, आमच्या मोरीत तर कधी इकडून फिरतं, कधी तिकडून.’’ मी तिला खाली बसवलं. घरी येऊन मोरीत बादली ओतली. तीन वेळा ओतली. मुलगी बरोबर होती. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम चक्रीवादळाएवढ्या पसाऱ्यावर दिसतो, मोरीच्या भोकापाशी तो इतका क्षीण असतो की बादली कशी कलली, मोरीचा उतार कसा, यावरच सगळं ठरतं. दुसऱ्या दिवशी तिची माफी मागायला हवी होती, ते धाडस मला झालं नाही. नुसतं ‘काल तू म्हणत होतीस ते बरोबर आहे’ म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

तर तुमच्या घरात मोरीवाली मुलगी कोण, हा खरा शोध आहे. मला वाटतं, ती तुमच्या सासूबाई असू शकतील. किंवा तुम्ही.

माझ्या भाच्यानं एकदा आजीला कृष्णविवर समजावलं. हिंदीत सुरू केलं, आजी म्हणाली माले समजत नही. मग तो बिचारा अहिराणीवर आला. ग्रॅव्हिटी, स्पेस-टाइम, इव्हेंट होरायझन, सगळे शब्द गळून पडले. खूप झटापट करून म्हणाला, ‘‘उजेडले बी बाहेर येता येत नही.’’ आजी गवारीच्या शेंगा मोडत होती. म्हणाली, ‘‘मंग ते दिसस कसं?’’

भाचा गप्प. आणि ताई, आजीचा हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांनाही सोडवावा लागला होता. २०१९च्या एप्रिलमध्ये कृष्णविवराचं म्हणून जे पहिलं चित्र जगापुढं आलं, केशरी कड्याचं, त्यात दिसतो तो सभोवती फिरणारा तापलेला वायू. मधला काळा गोल म्हणजे न आलेला उजेड. भाच्यानं ते चित्र पन्नास वेळा बघितलं होतं, मोबाइलच्या वॉलपेपरला लावलं होतं. आजीनं विचारल्यावर त्यानं ते पहिल्यांदा नीट बघितलं.

म्हणून माझी एक साधी अट आहे, आणि ती शहादा-शिरपूरपासून रावेरपर्यंतच्या ज्या ज्या आयांना हा प्रश्न पडलाय त्या सगळ्यांनी लावून बघावी. व्हिडिओ किती बघायचे यावर भांडू नका. जो बघितला तो संध्याकाळी घरातल्या एका माणसाला आपल्या बोलीत सांगायचा, मोबाइल न उघडता. अहिराणी असेल तर अहिराणीत, लेवा बोली असेल तर तीत. परका शब्द आला की ऐकणाऱ्यानं ‘म्हणजे काय भो?’ म्हणायचं. अडला तर परत जाऊन बघायचं, ते बघणं वेगळं असतं. आठवडाभरात पोरगा स्वतःच कमी बघायला लागेल, कारण सांगायला मेहनत पडते. (इथं बहिणाबाईंचं नाव घ्यायचा मोह होतोय, पण खान्देशात सल्ला देणारा प्रत्येक माणूस घेतो, मी आवरते.)

मोबाइल आणि मार्क यांच्याबद्दल थोडक्यात. रात्रीचा मोबाइल बंदच. यात मी पूर्ण तुमच्या यजमानांच्या बाजूची आहे. साडेनऊला सगळ्यांचे मोबाइल आबांच्या खोलीत चार्जिंगला, तुमचाही, मालकांचाही. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, ती आजच करा. आणि मिनिटभराच्या उभ्या तुकड्यांना तो ‘माहितीचे व्हिडिओ’ म्हणत असेल तर ते त्यातून वगळा. मिनिटभरात विषयाची चवसुद्धा लागत नाही.

गणिताचं मात्र व्हिडिओच्या माथी एकदम मारू नका. आठवीत बैजिक राशींचे अवयव येतात, तिथं भलीभली मुलं अडकतात, मोबाइल असो-नसो. अवयव बघून येत नाहीत, पाडून येतात. त्याला रोज पाच गणितं तुमच्यासमोर बसून सोडवू द्या. तुम्हाला ती येत नसली तरी चालेल, खाडाखोड दिसते ना? आणि ‘सर तासभर शिकवतात ते पाच मिनिटांत कळतं’ म्हणतो तेव्हा त्याला त्याच सरांकडे एक न सुटलेलं गणित घेऊन पाठवा.

सुट्टीत शेतात न्यायला हरकत नाही, न्यावंच. फक्त शिक्षा म्हणून नको. ‘अभ्यास करत नाहीस ना, चल मग शेतात’ हे वाक्य खान्देशातल्या घराघरांत म्हटलं जातं आणि मग पंचवीस वर्षांनी तेच बाप विचारतात, पोरगं पुण्याहून शेताकडे फिरकत का नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न : ‘मला काय कळणार?’

खरं-खोटं पारखायचा सगळ्यात सोपा मार्ग तुमच्या दारात उभा आहे. त्याच्या आवडत्या सांगणाऱ्यानं केळीवर काही केलंय का ते शोधा. बहुतेक असेलच, ‘केळी जगातून नाहीशी होणार!’ अशा मथळ्याचं आणि डोळे विस्फारलेल्या चेहऱ्याचं. तो घरातल्या सगळ्यांनी मिळून बघा, आबांना खाटेवर मध्ये बसवून. गोष्ट मुळात खरी आहे. ‘ग्रो मिशेल’ नावाची जात एकेकाळी जगाच्या बाजारात राज्य करत होती. पनामा रोगानं, जमिनीतल्या एका बुरशीनं, तिचे मळेच्या मळे बसवले, आणि १९६०च्या सुमारास व्यापारात तिची जागा कॅव्हेंडिश गटातल्या केळ्यांनी घेतली. तुमची आजची ग्रँड नैन आणि आबांच्या उमेदीतली बसराई, दोन्ही याच गटातल्या. सगळी खोडं एकमेकांची नक्कल असल्यानं एकाला लागलेला रोग सगळ्यांना लागू शकतो, आणि त्या बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही सोडत नाही, ही काळजी खरी आहे. पण ‘ग्रो मिशेल’ पृथ्वीवरून नाहीशी झालेली नाही, मोठ्या व्यापारातून गेली. आणि केळी म्हणजे एकच जात नव्हे, हे आबा एका श्वासात चार नावं घेऊन सांगतील.

सांगणारा हा फरक सांगतो का? की घाबरवून पुढं जातो? ज्या विषयातलं तुम्हाला कळतं तिथं तो किती काटेकोर आहे हे दिसलं, की ज्यातलं तुम्हाला कळत नाही तिथं त्याच्यावर किती भिस्त ठेवायची याचा अंदाज येतो. हे पारखायला बीएस्सी लागत नाही. केळी लावलेली असावी लागतात, किंवा लोणचं घातलेलं, किंवा लुगड्याचा पोत ओळखता येत असावा.

इतिहासाचे व्हिडिओ हे जरा काळजीचं प्रकरण आहे. विज्ञानातली चूक कधीतरी मोरीत सापडते, इतिहासातली पोराच्या रक्तात जाऊन बसते. मागं ढोल, तलवारींचा खणखणाट, सांगणाऱ्याचा भरून आलेला गळा, आणि दहा मिनिटांत कुणीतरी आपलं, कुणीतरी वैरी ठरून मोकळं. अशा वेळी आपल्या धुळ्याची आठवण ठेवावी. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं आहे. या माणसानं गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्यांच्या रद्दीतून जुने कागद गोळा केले, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनं’ म्हणून त्यांचे खंडामागून खंड छापले, बावीस खंड. सगळी हयात एका शब्दापायी घातली म्हणा : कशावरून?

हा शब्द पोराला द्या. भास्कराचार्यांचंच घ्या. ‘न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी गुरुत्वाकर्षण!’ असे व्हिडिओ त्यानं बघितले असणार. कशावरून? तर ‘सिद्धान्तशिरोमणी’त खरोखरच एक श्लोक आहे, पृथ्वीच्या अंगी ‘आकृष्टिशक्ति’ आहे, ती जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, असा. बाराव्या शतकात असं लिहिणं लहान गोष्ट नव्हे. न्यूटननं १६८७ मध्ये मांडलं ते वेगळं : फळ आणि चंद्र एकाच नियमानं बांधलेत, आणि अंतर दुप्पट झालं तर ओढ चौथा हिस्सा उरते, असा आकड्यांचा हिशेब. दोघांना एकाच शर्यतीत पळवलं की दोघांचंही काम दिसेनासं होतं.

आणि गंमत बघा, या भांडणात आपल्या घरची गोष्ट कुणी सांगतच नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला तुम्ही गेला असाल, निदान नवस फेडायला तरी कुणाबरोबर. त्या पाटण्यात शके ११२८चा, म्हणजे इसवी सन १२०७च्या सुमाराचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, त्याचा तो लेख. वरचा भाग संस्कृत, आणि देणगीचा भाग त्या काळच्या मराठीत. बाजारात येणाऱ्या मालावरचं काय काय मठाला द्यायचं ते त्यात आहे. जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनी पळी पळी तेल द्यायचं, असं त्यात कोरलंय. गणित शिकणाऱ्या पोरांच्या दिव्याला गावच्या तेल्यांचं पळीभर तेल! मला तर हा शिलालेख कुठल्याही तलवारीपेक्षा जास्त अंगावर येतो. पोराला घेऊन जा पाटण्याला. पावसाळा संपताना गेलात तर डोंगरही हिरवा मिळेल.

‘खान्देश’ हे नाव कुठून आलं, हेही त्याला शोधू द्या. कुणी कान्हदेश सांगतो, कुणी फारुकी राजांच्या ‘खान’ किताबाकडे बोट दाखवतो. अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर मुलाच्या, दानियालच्या नावावरून सुभ्याचं ‘दानदेश’ करून टाकलं होतं, ते काही टिकलं नाही. प्रत्येक व्हिडिओ यातलं एकच कारण छातीठोकपणे सांगेल. तीन व्हिडिओ, तीन कारणं, आणि प्रत्येकापुढं ‘कशावरून’चा रकाना. रकाना रिकामा राहिला तर राहू दे.

एक खेळ सुचवते, तो तुम्ही, मुलगा आणि मुलगी तिघांनी करा. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो’ हे वाक्य तुम्ही शाळेत वाचलंत, तो व्हिडिओत ऐकतो. दिल्लीत सूर्य वर्षात एकदाही बरोबर डोक्यावर येत नाही, ती कर्कवृत्ताच्या फार वर आहे. आपला खान्देश खाली, त्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो. जुलैमधल्या वेळी ढग असतात, ती वेळ सोडा. आखाजीनंतर, मेच्या २४ ते २८ तारखांच्या दरम्यान, अंगणात सपाट जागी एक काठी उभी रोवा. ओळंब्याला दगड बांधून ती सरळ आहे का बघा, इथंच सगळे चुकतात. मग सव्वाबारापासून दर दोन-तीन मिनिटांनी सावलीच्या टोकाला कोळशानं खूण करा. सावली बारा वाजता नाहीशी होणार नाही. चोपड्याकडे ती बारा पंचविसाच्या आसपास काठीच्या बुडाशी गोळा होईल. धुळ्याला एखाद-दोन दिवस आधी होईल, नंदुरबारला एखाद दिवस मागून. बाराला का नाही, याचं उत्तर त्याला लगेच सांगू नका. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलेलं आहे, आणि सूर्याला तिथून आपल्या अंगणापर्यंत यायला जवळजवळ अर्धा तास लागतो, हे त्याचं त्याला सापडलं तर त्याच्या तोंडाकडे बघा. आबांना बोलवा. पायाखालची सावली गेलेली त्यांनी शेतात कितीदा बघितली असेल, घड्याळ कधी लावलं नसेल इतकंच.

आता तो कंस.

पोराबद्दल तुम्ही चार पानं लिहिलीत आणि स्वतःबद्दल चार वाक्यं, तीही कंसात. मुलानं बघितलं तर ज्ञान, तुम्ही बघितलं तर चोरी, असा हिशेब कुणी घातला? दिवसभर माणसांचं, गुरांचं, मजुरांच्या चहाचं बघून रात्री अर्धा तास तुम्ही मोहेंजोदडोला जाता, यात लपवण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. तुमची बारावीची हौस कुठंतरी अर्धी राहून गेली असावी, असं त्या ओळीतून मला वाटलं. चुकत असेन तर सोडून द्या. बरोबर असेन तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून बीए होता येतं, बारावीवर प्रवेश मिळतो, एवढं माहीत असू द्या. घाई कसलीच नाही.

तुम्ही रात्री एकट्यानं बघता ते संध्याकाळी पोराबरोबर बघायला लागा, आणि निवड एक दिवस त्याची, एक दिवस तुमची. तुमच्या दिवशी मणी, विणकाम, भांडी, जे तुम्हाला आवडतं ते. तो कंटाळेल, कंटाळू दे, तुम्ही त्याच्या रॉकेटांना कंटाळत नाही का! त्याला समोर ठेवून ‘हे मला नाही कळलं, थांबव’ म्हणत जा. आईला कळलं नाही हे आई मोठ्यानं म्हणते, हे त्यानं बघायला हवं. आबांना पाहुण्यांसमोर तोंडघशी पाडणाऱ्या पोराला ‘मला माहीत नाही’ हे वाक्य घरात कधी ऐकूच आलेलं नसेल.

आणि मोहेंजोदडो लांब पडतं म्हणून हळहळू नका. आपल्याच तापीकाठच्या सावळदा गावावरून एका अख्ख्या संस्कृतीला नाव पडलंय, ताम्रपाषाण युगातल्या, चार हजार वर्षांपूर्वीच्या. काळ्या रंगात नक्षी काढलेली तिथली खापरं अभ्यासकांनी शोधली. जवळचं प्रकाशं तर तुम्हाला यात्रेमुळं माहीत असेल, तिथंही १९५५च्या सुमारास उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळातल्या वस्तीच्या खुणा निघाल्या. तापी-गोमाईच्या संगमावर हात जोडताना पायाखाली कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं.

मण्यांचा तो व्हिडिओ मी बघितलेला नाही. दगडाच्या एवढ्या लांबुडक्या मण्याला ते लोक आरपार भोक कसं पाडत असतील, हे मला नीट सांगता येणार नाही. पुढच्या पत्रात मला ते समजावून लिहा. मोबाइल बाजूला ठेवून लिहा, आणि जिथं अडाल ते कंसात टाकू नका.